सोनेगावची मध्यरात्र आणि कडेवरचे मूल

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी संशोधनपत्रिकेस शोभण्याजोगा वाटणार नाही. विमानविद्येचा इतिहास म्हटला की वैमानिक, यंत्रे, कंपन्या आणि कायदे ह्यांचाच विचार आपल्या मनात येतो. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेली बाई त्या इतिहासात कोठे दिसत नाही. दिसलीच तर जाहिरातीच्या चित्रात. वस्तुतः हवाई वाहतुकीच्या व्यवस्थेपुढे जे काही अवघड प्रश्न उभे राहिले, त्यांतील एक तिच्या मांडीवरच निजलेला होता. तो प्रश्न असा की, कडेवरचे मूल हा उतारू आहे की नाही? कायद्याने ह्याचे एक उत्तर दिले, यंत्राने दुसरे दिले आणि आपल्या भाषेने तिसरेच. ही तीन उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत, आणि ती न जुळल्याने प्रसंगी मुलांच्या जिवावर बेतले आहे.

ह्या विषयाचा विचार नागपुरात बसून करण्यास एक सबळ कारण आहे. सन १९४९ च्या जानेवारीपासून १९७३ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे, आपले सोनेगाव हे भारतातील रात्रीच्या हवाई टपालाचे मध्यवर्ती ठाणे होते. त्या काळी दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई होते, आणि देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण त्याच वर्षी अमलात आले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान सुटे, चारी विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत प्रत्येक विमान आपापल्या घरी परत जाई. नकाशावर मोजून पाहिल्यास ह्या योजनेतील शहाणपण लक्षात येते. नागपुरापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली सुमारे ८५०, मद्रास सुमारे ९०० आणि कलकत्ता हजाराच्या आत. ताशी २७० किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या डाकोटा विमानाला ह्यांतील कोणताही पल्ला अडीच ते पावणेचार तासांचा. म्हणून रात्री आठ-नऊच्या सुमारास निघालेली पत्रे मध्यरात्री नागपुरी भेटत आणि सकाळच्या वाटपात पत्त्यावर पोचत. अमेरिकेतील फेडरल एक्स्प्रेस ह्या प्रसिद्ध कंपनीने मेम्फिस येथे सर्व विमाने रात्री एकत्र आणून मालाची अदलाबदल करण्याची पद्धत १९७३ साली सुरू केली. ज्या वर्षी ती तेथे सुरू झाली त्याच वर्षी आपल्याकडे ती बंद पडली, हा योगायोग व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही.

ह्या विमानांतून टपालाबरोबर माणसेही जात. आपली रेल्वेच्या काळातील भाषा प्रवाशाला 'उतारू' म्हणते. उतारू म्हणजे उतरणारा. चढणारा, बसणारा किंवा जाणारा नव्हे. हा शब्द सोनेगावच्या मध्यरात्रीला जितका यथार्थपणे लागू पडतो तितका क्वचितच कोठे पडत असेल. मद्रासहून दिल्लीस निघालेल्या माणसाला येथे उतरावेच लागे, आणि थैल्यांप्रमाणेच एका विमानातून दुसऱ्या विमानात जावे लागे. आता त्या माणसाच्या जागी कडेवर मूल असलेली स्त्री कल्पावी. अपरात्रीची वेळ, चार विमानांच्या यंत्रांचा आवाज, हातात दुपट्यांची पिशवी, आणि मूल नुकतेच झोपी गेलेले.

ही निव्वळ कल्पना नाही. आमच्या नात्यातील एक आजी, आता त्या हयात नाहीत, सात महिन्यांच्या मुलीला घेऊन मद्रासहून दिल्लीस ह्याच मार्गाने गेल्या होत्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते व बदलीच्या गावी पुढे गेले होते. त्या प्रवासाची हकीकत मी विद्यार्थिदशेत त्यांच्याकडून ऐकली, आणि भाषाशास्त्राचा विद्यार्थी असल्याने त्यातील शब्द तेवढे टिपून ठेवले. इतिहासाचा विद्यार्थी असतो तर तारीख आधी विचारली असती. त्यांना विमानाचे रूप आठवत नव्हते. आठवत होते ते एवढेच की विमानात शिरल्यावर आतली वाट चढणीची होती, दुधाच्या पुडीसाठी ऊन पाणी मागावे लागले होते, आणि नागपूर आले तेव्हा मुलीला उठवावे की तशीच उचलावी हे ठरविता ठरविता सगळे लोक उतरून गेले होते. मुलगी मद्रासेस झोपली ती दिल्लीस उठली. मध्ये तिचे विमान बदलले हे तिला पुढे कित्येक वर्षे कोणी सांगितले नाही.

वाट चढणीची होती, हा तपशील खरा आहे. डाकोटाचे तिसरे चाक शेपटीखाली असते, त्यामुळे जमिनीवर उभे असताना विमानाचे नाक वर व शेपूट खाली राहते. मागच्या दाराने आत आलेल्या माणसाला पुढच्या खुर्चीपर्यंत उतरणीच्या उलट चढावे लागे. रिकाम्या हाताने जाणाऱ्याला ते जाणवतही नसेल. मूल घेतलेल्या बाईला ते चाळीस वर्षांनंतरही आठवत होते. पुढे ह्या मार्गांवर चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आली. त्यांना नाकाखाली चाक असल्याने ती जमिनीवर सपाट उभी राहत, आणि ती चढण नाहीशी झाली.

दुसरी गोष्ट कानांची. डाकोटा काय किंवा स्कायमास्टर काय, दोन्ही विमानांत हवेचा दाब राखण्याची योजना नव्हती. विमान आठ-नऊ हजार फुटांवर गेले की आतील माणसेही खऱ्या अर्थाने तितक्याच उंचीवर जात, आणि उतरताना दाब झपाट्याने वाढे. मोठे माणूस आवंढा गिळून किंवा जांभई देऊन कानामागील नळी मोकळी करते. तान्ह्या मुलाची ती नळी अरुंद व जवळजवळ आडवी असते आणि गिळण्याची युक्ती त्याला सांगता येत नाही. म्हणून विमान उतरू लागले की मूल रडू लागते. ते रडणेच पुष्कळदा त्याचा उपाय ठरते, कारण रडताना नळी उघडते. परंतु हे शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांना कोण समजावणार? विमानात कापसाचे बोळे आणि चघळण्याच्या गोळ्या वाटण्याची जुनी प्रथा ह्याच कारणाने पडली. ती प्रौढांच्या सोयीची. तान्ह्याला गोळी देता येत नाही. त्याला त्या वेळी पाजावे, हाच उपाय तेव्हाही होता व आजही डॉक्टर तोच सांगतात.

येथे आपल्या घरगुती ज्ञानाची मोठी गंमत दिसते. मुलाच्या कानांना जपावे हे मराठी आईला कोणी शिकवावे लागत नाही. टोपडे, कानात कापूस, पदराचा आडोसा, सगळे तयार असते. परंतु ह्या साऱ्या व्यवस्थेमागील कल्पना 'वारा लागू नये' अशी आहे. विमानात वारा लागत नसतो. दाब बदलत असतो. टोपडे कितीही घट्ट बांधले तरी दाब अडत नाही. आणि तरीही ह्या अनुभवाला नेमका शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासूनच आहे: कानाला दडे बसणे. डोंगराचा घाट उतरताना बसत ते हेच दडे. म्हणजे शब्द बरोबर, कारणमीमांसा चुकीची. लोकभाषेच्या बाबतीत असे वारंवार घडते व त्यात लाजण्यासारखे काही नाही.

रात्रीच्या ह्या सेवेची दुसरी बाजूही नमूद करणे अवश्य आहे. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातील खाजगी विमानकंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचा कारभार सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या १२ डिसेंबरच्या रात्री नागपुराहून मद्रासेस निघालेले डाकोटा विमान उड्डाणानंतर लागलीच कोसळले. त्यातील दहा उतारू व तीन कर्मचारी मृत्यू पावले; वैमानिक तेवढा वाचला. मृतांत कामगार चळवळीतील पुढारी हरिहरनाथ शास्त्री हे होते. वृत्तपत्रांचे लक्ष साहजिकच त्यांच्याकडे गेले. मला त्या घटनेचा उल्लेख येथे वेगळ्या हेतूने करावयाचा आहे. ज्या काळात ही विमाने उडत होती त्या काळात विमानप्रवास हा धोक्याचा प्रवास होता, हे सर्वांस ठाऊक होते. आणि त्या धोक्यात मुलाला सर्वांत सुरक्षित जागा कोणती, ह्याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. ती जागा म्हणजे आईची मांडी.

ही समजूत आपल्या भाषेत किती खोल रुजली आहे हे पाहण्यासाठी थोडे विषयांतर करणे भाग आहे.

मराठी माणूस विमान पाहण्याच्या कितीतरी आधीपासून 'विमान' हा शब्द वापरीत आला आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम व १८५७ साली दुसऱ्यांदा निघाला, तेव्हा विमान ही देवांची स्वारी होती. यंत्र आल्यावर आपण नवा शब्द घडविला नाही. देवांचा शब्दच यंत्राला दिला. परंतु शब्दाबरोबर त्याची जुनी चित्रेही येतात. मराठी मनातील विमानाचे सर्वांत ठसठशीत चित्र म्हणजे तुकोबांचे वैकुंठगमन. प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' ह्या बोलपटाने ते पडद्यावर आणून घरोघर पोचविले. ह्या चित्रात मुलांचे स्थान कोठे आहे? ती जमिनीवर आहेत. जिजाई संसार व लेकरे टाकून येत नाही. परंपरेप्रमाणे तुकोबांचा धाकटा मुलगा नारायण त्या वेळी जन्मलाही नव्हता. आपल्या पारंपरिक कल्पनेत विमान हे लेकुरवाळ्या बाईचे वाहन नाही, एवढे तरी ह्यावरून म्हणावयास हरकत नसावी.

'लेकुरवाळी' हा शब्द सहज आला, पण तो महत्त्वाचा आहे. मूल 'असलेली' स्त्री आणि 'लेकुरवाळी' स्त्री ह्यांत भेद आहे. लेकुरवाळीची मुले तिच्या अंगाखांद्यावर असतात. जनाबाईंच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात हे विशेषण विठ्ठलाला लावले आहे आणि संतमंडळी त्याची मुले कल्पिली आहेत. त्या रचनेत प्रत्येक संताची ओळख त्याच्या वयावरून नव्हे, तर देवाच्या शरीराशी असलेल्या त्याच्या जागेवरून करून दिली आहे: कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी हात धरून, कोणी पुढे तर कोणी मागे. मराठीतील बालवाचक शब्दांची रचनाच अशी आहे. पाळण्यातले, अंगावरचे, मांडीवरचे, कडेवरचे, बोटाला धरून चालणारे. किंवा मग मूल काय करू शकते त्यावरून पालथे पडणारे, रांगते, दुडदुडते, बोबडे बोलणारे. ह्या यादीत वर्षे व महिने कोठेच नाहीत. आमच्या विदर्भात 'लेकरू' आणि 'पोट्टं' हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. त्यांची सीमाही वयाने ठरत नाही, बोलणाऱ्याच्या मनःस्थितीने ठरते. सकाळचे लेकरू दुपारी पोट्टं होते.

कायद्याला असे शब्द चालत नाहीत. त्याला जन्मतारीख हवी. रेल्वेने पाच वर्षांखालील मुलाला तिकीट माफ केले, एस. टी.ने पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट ठेवले, आणि त्याबरोबर आपल्या सामाजिक जीवनात एक नवीन प्रकारची असत्योक्ती जन्मास आली. साडेपाच वर्षांचे मूल तिकीटतपासनिसापुढे पावणेपाच वर्षांचे होऊ लागले. विमानकंपन्यांची वाटणी निराळी आहे. दोन वर्षांखालील मुलाला स्वतंत्र खुर्ची नाही, ते मोठ्या माणसाच्या मांडीवर. दोन ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला खुर्ची मिळते. बारा वर्षांवरील मूल पूर्ण माणूस. आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या मुलासाठी प्रौढाच्या भाड्याच्या एकदशांश भाडे आकारण्याची प्रथा पडली. भाडे आहे, तिकीट आहे, नावाची नोंद आहे. नाही ती फक्त जागा.

दोन वर्षांची ही मर्यादा का, ह्याचे उत्तर मुलाच्या वजनात व आकारात शोधता येईल. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक गोष्ट दिसते. अशा मुलाला विमानकंपन्या 'इन्फंट' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ 'न बोलणारा' असा आहे. दोन वर्षांच्या सुमारास मूल दोन-दोन शब्द जुळवू लागते. म्हणजे जो बोलू लागला त्याला खुर्ची, जो बोलत नाही त्याला मांडी, अशी ही वाटणी योगायोगाने का होईना झाली आहे. आपल्याकडील उद्घोषणांत त्यासाठी 'शिशु' हा शब्द योजतात. तो शुद्ध आहे, पण निर्जीव आहे. 'कडेवरचे मूल' असे म्हटले असते तर नियमही कळला असता आणि त्यातील उणीवही.

उणीव कोणती, ते आता सांगावयाचे. खुर्चीचा पट्टा आईला धरतो. मुलाला धरतात ते आईचे हात. दहा किलो वजनाचे मूल आपण तासन् तास कडेवर घेतो. परंतु विमान आपटून एकदम थांबले आणि तो धक्का गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट असला, तर तेच मूल त्या क्षणापुरते नव्वद किलोच्या ओढीने हातांतून सुटू पाहते. एवढी ओढ कोणतीही आई धरू शकत नाही. तिचे प्रेम येथे उपयोगी पडत नाही. आईलाही त्याच पट्ट्यात मुलासह बांधावे तर पुढे वाकणाऱ्या तिच्या शरीराखाली मूलच चेंगरते. ह्यातून काढलेला मार्ग म्हणजे आईच्या पट्ट्याला अडकविण्याचा लहान जोडपट्टा. युरोपात तो आवश्यक मानला गेला, तर अमेरिकेत उड्डाण व अवतरण ह्या वेळी तो वापरण्यास मनाई झाली. शास्त्र एकच, विमानेही एकाच कारखान्यांतली, आणि नियम मात्र परस्परविरुद्ध, ही स्थिती विचार करण्याजोगी आहे.

ह्या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले ते १९ जुलै १९८९ च्या अपघाताने. अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोस जाणारे एक मोठे विमान निकामी होऊन सू सिटी येथे आदळले. त्यातील २९६ जणांपैकी ११२ मरण पावले. त्या विमानात मांडीवरची चार मुले होती. तत्कालीन नियमाप्रमाणे सेविकांनी आयांना सांगितले की मुलांना पांघरुणात गुंडाळून पायांशी जमिनीवर ठेवा. चारांपैकी एक मूल दगावले. ज्या मुख्य सेविकेने ही सूचना दिली होती तिला वाचल्यानंतर प्रथम भेटली ती त्या मुलाची आई. त्या सेविकेने पुढे अनेक वर्षे प्रत्येक मुलाला स्वतंत्र खुर्ची मिळावी म्हणून खटपट केली, आणि अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळानेही तशी शिफारस केली.

शिफारस मान्य झाली नाही, आणि त्यामागील युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. विमान-प्रशासनाने १९९५ साली अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात असे मांडले की, मुलासाठी पूर्ण खुर्चीचे भाडे सक्तीचे केले तर कित्येक कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावरील अपघातांत त्याहून अधिक मुले मरतील. २००५ साली पुन्हा हाच निर्णय कायम झाला. गणित म्हणून ह्यात दोष काढता येत नाही. तथापि मला स्वतःला ते अपुरे वाटते. भाडे हे निसर्गनियमाने ठरत नाही. खुर्ची सक्तीची करून तिचे भाडे कमी ठेवणे ही तिसरी वाट त्या हिशेबात जवळजवळ धरलीच गेली नाही. आणि जे गणित अमेरिकेतील मोटारींच्या रस्त्यांसाठी मांडले ते आपल्याकडे, जेथे विमानाला पर्याय रेल्वेचा आहे, तसेच लागू पडेल असे मानण्यास आधार नाही.

मुलाला जागा देण्याचा दुसरा एक प्रयत्न येथे आठवतो, कारण तो आपल्याला फार ओळखीचा वाटेल. १९५० च्या दशकात ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनच्या लांब पल्ल्याच्या विमानांत सामानाच्या फळीला अडकवून टांगण्याची एक छोटी खाट असे. रात्री आई खाली बसलेली आणि मूल तिच्या डोक्याशी लोंबत्या खाटेत निजलेले, असे तिचे रूप. आपल्याकडे पॅसेंजर गाडीत दोन बाकांच्या साखळ्यांना लुगडे बांधून केलेली झोळी ज्याने पाहिली आहे त्याला ह्यात काहीच नवल वाटणार नाही. आजची भिंतीला जोडावयाची खाट ही तिचीच पुढची अवस्था. ती मिळते पहिल्या रांगेतील थोड्यांना. साधारणतः दहा-अकरा किलोंच्या वर मूल गेले की चालत नाही. आणि विमान हेलकावे खाऊ लागले की मुलाला तीतून काढून पुन्हा मांडीवरच घ्यावे लागते.

विमानाच्या रचनेत मांडीवरच्या मुलाचा हिशेब केलेलाच नाही असे मात्र नाही. तीन खुर्च्यांच्या रांगेवर प्राणवायूचे मुखवटे पुष्कळदा चार असतात. तो चौथा मुखवटा त्याचा. म्हणूनच एका रांगेत एका बाजूस मांडीवरचे एकच मूल बसवितात. दुसऱ्यासाठी पाचवा मुखवटा नसतो. पुष्कळ प्रवाशांना ही अडवणूक वाटते, कारण तिचे कारण त्यांना कोणी सांगत नाही. आणि ह्याच मुखवट्याबाबत जी सूचना प्रत्येक उड्डाणापूर्वी दिली जाते, ती आपल्या संस्कारांच्या नेमकी उलट आहे: आधी स्वतःला लावा, मग मुलाला. पस्तीस हजार फुटांवर दाब गेला तर शुद्ध टिकण्याचा अवधी मिनिटाच्याही आतबाहेर असतो. मुलाला आधी लावू पाहणारी आई मध्येच बेशुद्ध पडली तर दोघेही जातात. आपल्या घरात पहिला घास मुलाचा असतो. ही सूचना मराठीत अचूक भाषांतरित होऊनही कानाला खटकते ती त्यामुळे.

नागपूरचे मध्यवर्ती स्थान रात्रीचे टपाल गेल्यावरही उपयोगी पडतच राहिले, वेगळ्या रीतीने. दक्षिणोत्तर व पूर्वपश्चिम मार्गांवरील विमानात कोणी अत्यवस्थ झाले तर पुष्कळदा ते येथे उतरविले जाते. २७ ऑगस्ट २०२३ च्या रात्री बंगळूरहून दिल्लीस जाणाऱ्या विमानात हृदयविकार असलेल्या एका चिमुकल्या मुलीची नाडी थांबली. त्याच विमानात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पाच डॉक्टर परिषदेहून परतत होते. त्यांनी हाताशी होती तेवढ्या साधनांनिशी पाऊण तास खटपट करून तिचे हृदय पुन्हा चालू केले, आणि विमान नागपूरला उतरविण्यात आले. काही दिवसांनी येथील रुग्णालयात ती मुलगी वारली. त्या दिवसांत शहरातील कित्येक अनोळखी लोक तिची विचारपूस करीत होते, हे मी पाहिले आहे.

आता थोडे आजच्या परिस्थितीविषयी. सन १९६५ च्या अमेरिकी कायद्यानंतर शिकलेली मराठी कुटुंबे तेथे जाऊ लागली व बाळंतपणाच्या जुन्या चालीला नवी दिशा मिळाली. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी येई व सव्वा-दीड महिन्याने बाळंतविडा घेऊन परत जाई. आता बाळंतविडा घेऊन माहेरच लेकीकडे जाते. डिंकाचे लाडू व अळीव सामानात भरून आयुष्यात प्रथमच विमानात बसलेल्या कितीतरी आज्या आपल्या परिचयाच्या असतील. आणि उलट दिशेने मूल येते ते 'दोनच्या आत'. हा शब्दप्रयोग मी गेल्या काही वर्षांत नागपुरातील अनेक घरांतून ऐकला. दुसऱ्या वाढदिवसानंतर भाडे एकदम वाढते. म्हणून जावळ, कुलदेवतेचे दर्शन, पणजीची भेट हे सारे त्या आधीच उरकून घ्यावयाचे. ज्या मुलाचे वय आपली भाषा कधी वर्षांत मोजीत नव्हती, त्याच्या घरच्या समारंभांचे वेळापत्रक आता भाड्याच्या नियमाने ठरू लागले आहे. पासपोर्टाचेही तसेच झाले. पूर्वी मुलाचे नाव आईबापांच्या पासपोर्टात लिहिले जाई. पुढे महिन्याभराच्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागू लागला. सीमेवर ते स्वतंत्र व्यक्ती आहे, विमानात मात्र नाही.

खुर्ची मिळाल्यावरही प्रश्न संपला नव्हता. आवडीची जागा निवडण्यासाठी वेगळे पैसे घेण्याची पद्धत आल्यापासून पाच वर्षांचे मूल एका रांगेत व आईबाप दुसऱ्या रांगेत, असे प्रकार घडू लागले. अखेर एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना निर्देश दिला की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच नोंदणीवर प्रवास करणाऱ्या आईबापांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी, आणि त्याची नोंद ठेवावी. 'बोटाला धरून चालणारे मूल' ही आपली जुनी कोटी अशा रीतीने नियमपुस्तकात शिरली, जरी तेथे ती त्या नावाने ओळखली जात नाही.

शब्दसंग्रहाच्या दृष्टीने ह्या क्षेत्रात बरेच काम करण्याजोगे आहे. तरुण आयांच्या बोलण्यात 'इन्फंट आहे सोबत', 'लॅपवरच आहे' अशी वाक्ये आता सर्रास येतात, आणि त्याच वाक्यात पुढे 'कडेवरून उतरतच नाही' हेही येते. पहिला शब्द तिकिटाच्या संदर्भात व दुसरा मुलाच्या संदर्भात येतो की काय, हे पद्धतशीर नोंदी झाल्याखेरीज सांगणे धाडसाचे होईल. विभागातील विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांकडून प्रवासाच्या हकीकती त्यांच्याच शब्दांत, न सुधारता, उतरून घ्याव्यात. तसेच ज्यांच्या घरी सोनेगावच्या रात्रीच्या विमानांची जुनी तिकिटे, सामानाच्या चिठ्ठ्या, त्या प्रवासात लिहिलेली पत्रे किंवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती विभागात आणून दाखवावीत. नक्कल करून घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत केले जातील. पिवळ्या पडलेल्या तिकिटावर मुलाचे नाव आईच्या नावाखाली हाताने लिहिलेले आढळल्यास ते विशेष काळजीने जपावे.